कानातली पांढरी पाच

नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या गावठाणात घरं एकेक स्लॅब टाकत वर चढली. 1970 साली सिडको स्थापन झाली, पाठोपाठ नव्या शहरासाठी भाताची शेतं गेली, पोरं मोठी झाली, आणि गरजेपोटी तळमजल्यावर पहिला, पहिल्यावर दुसरा असे मजले येत गेले. एमआयडीसीत पाळीला जाणारे आणि जुईनगरहून लोकल पकडणारे भाडेकरू वरच्या खोल्यांत राहतात. वीजही तशीच वर चढली, खालच्या बोर्डातून वायर ओढून.

हेडफोनमध्ये घरघर येते म्हटलं की बोलणं कंपनी, किंमत, जॅक यांवर जातं. माझ्या मते ते भिंतीपासून सुरू व्हावं. पण हे सगळ्यांना पटत नाही, आणि न पटणाऱ्यांची बाजूही लंगडी नाही. म्हणून दोघांना समोरासमोर बसवतो. नावं देत नाही. असे मामा आणि अशी भाची गावठाणातल्या कुठल्याही गल्लीत भेटतील. मामाचा साऊंडचा धंदा: हळदी, जत्रा, गणपती, ऑर्केस्ट्रा. भाची घरून काम करते, दिवसभर कानाला हेडफोन, लोकांची रेकॉर्डिंगं ऐकून सबटायटल लिहिते. दोघं घरात आगरीत बोलतात. इथं सरळ मराठीत उतरवलंय.

भाची : मामा, हेडफोन दुरुस्त करणारं कुणी आहे का तुझ्या ओळखीत? नसेल तर आजच नवा मागवते. कानात सारखी घरघर.

मामा : गाणं बंद कर. आता येते?

भाची : येते. गाणं बंद केल्यावर तर जास्तच कळते.

मामा : मग हेडफोन बिचारा निर्दोष आहे. पडदा फाटला असता तर गाणं वाजतानाच चरचरला असता, तेही सगळ्या सुरांना नाही, एखाद्याच खर्जाच्या सुराला. गाणंच नसताना पडदा हलतोय म्हणजे त्याला कुणीतरी हलवतंय.

भाची : हे तू हातात न घेताच सांगतोयस.

मामा : बरं, घेतो हातात.

मामाने कानाची गादी बोटाने गोल फिरवत काढली. आत जाळी, जाळीखाली पातळ पारदर्शक पडदा. लांब केस असणाऱ्यांच्या हेडफोनमध्ये इथं हटकून एखादा केस सापडतो. त्याचं एक टोक पडद्याला टेकलं की ढोलकीच्या प्रत्येक थापेला तो पडद्यावर आपटतो, आणि माणूस स्पीकर फाटला म्हणून नवा जोड घेऊन येतो. फोनवर 20 हर्ट्झपासून हळूहळू चढत जाणारा एकच सूर वाजवून पाहिला की कळतं: मध्येच एका ठिकाणी चरचर झाली आणि पुढे गेल्यावर थांबली, तर दोष पडद्यापाशी. पावसाळ्यात दमट हवेनेही असं होतं. भाचीच्या हेडफोनमध्ये केस नव्हता. सूरही खालपासून वरपर्यंत स्वच्छ गेला. फक्त त्याच्या मागे ती गुणगुण तशीच, न चढणारी, न उतरणारी.

मामा : पेटी आण.

भाची : आता भजन करायचंय?

मामा : आण तर. हा बघ, पांढरी पाच. खर्जातली. तुझ्या कानातलं याच्याशी जुळतंय ना?

भाची : जवळजवळ. कानातलं जरासं वर आहे.

मामा : तेवढंच वर असणार. ही महावितरणची पांढरी पाच.

हा मामाचा विनोद नव्हे. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होते, त्यामुळे तिची गुणगुण 50 हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत, 100, 150 असं करत येते. पेटीवरची खर्जातली पांढरी पाच 98 हर्ट्झची. म्हणून विजेचा सूर तिच्यापेक्षा किंचित चढा लागतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरात हाच दोष 60 आणि 120 हर्ट्झवर बोलेल, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध. साऊंडवाले म्हणूनच मीटर काढण्याआधी कान लावतात. सूर ओळखला की निम्मी शोधाशोध वाचते.

भाची : ठीक आहे, वीज आहे. पलीकडून रेल्वेची 25 हजार व्होल्टची लाइन जाते, तिचं असेल.

मामा : हार्बर लाइन 2016 ला एसीवर गेली, तेव्हापासून सगळी खापरं तिच्यावर फुटतात. चार्जर काढ लॅपटॉपचा.

भाची : …गेलं.

मामा : आणि रेल्वे?

भाची : चालू आहे. बरं बाबा.

मामा : लाव परत.

भाची : आलं. मग उत्तर मिळालं की! बॅटरीवर काम करायचं.

मामा : बॅटरी किती तास चालते?

भाची : तीन. मग जेवताना चार्ज करीन. नाहीतर ब्लूटूथचा हेडफोन घेते. वायरच नाही तर वीज येणार कुठून? मामा, तू हे आता दुपारभर उकरत बसशील. माझं काम तासावर आहे. दोन दिवस शोधायचं की दीड हजार रुपये टाकून मोकळं व्हायचं, हा साधा हिशेब आहे.

हा हिशेब धुडकावण्यासारखा नाही. दुरुस्तीचं कौतुक करणारे आपण लोक शोधाशोधीला लागणारा वेळ फुकट धरतो, आणि तो बहुधा दुसऱ्याचा असतो. ब्लूटूथने गुणगुण जाते हेही खरं: हेडफोन आणि लॅपटॉप यांच्यात तांब्याचा धागाच उरत नाही. अडचण वेगळीकडे येते. ब्लूटूथवर माइक चालू केला की बहुतेक हेडफोन बोलण्याच्या मोडमध्ये जातात, आवाज एका कानापुरता झाल्यासारखा, टेलिफोनी होतो. जिला समोरचा ‘शिरवणे’ म्हणाला की ‘शिरगाव’ हे ऐकून लिहायचंय, तिचं पोट त्या फरकावर आहे. भाचीला हे माहीत होतं. म्हणूनच ती आजवर वायरीला चिकटून होती.

मामा : चार्जर लागलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्याला हात लाव.

भाची : गुणगुण कमी झाली! हात काढला की वाढते.

मामा : आणि हाताला?

भाची : मुंग्या. त्या नेहमीच येतात. पत्रा खरखरीत आहे तो.

मामा : पत्रा गुळगुळीत आहे गो बाय.

मामाने खिशातला टेस्टर काढला आणि स्क्रीनची केबल जिथं लागते तिथल्या स्क्रूला टोक टेकवलं. खिडकी बंद केल्यावर दिसलं: टेस्टरच्या पोटात फिकट नारिंगी ठिपका. बोर्डाच्या भोकात घातल्यावर लागतो तसा भरघोस नाही, पण होता. भाचीने दोनदा बघितला.

झालं ते असं. आजकालचा चार्जर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून लहान करतो. त्या कामात उठणारा गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून आत छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, जे तो गोंगाट तिसऱ्या पिनेतून जमिनीत सोडतात. तिसऱ्या पिनेला जमीनच मिळाली नाही, तर तेच कपॅसिटर लॅपटॉपच्या पत्र्याला फेज आणि न्यूट्रल यांच्या अधेमधे, 230 व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास, लोंबकळत ठेवतात. करंट अगदी नगण्य, नुसत्या मुंग्यांपुरता. पण पत्र्यावरचा तो दाब हेडफोनच्या वायरीत, माइकमध्ये आणि हेडफोन घातलेल्या माणसातही उतरतो. आपण पत्र्याला हात लावला की आपल्या अंगातून त्याला थोडी वाट मिळते आणि गुणगुण बसते. मीटिंगमधले लोक भाचीला म्हणायचे, तुमच्याकडे पिठाची गिरणी आहे का, ते याचमुळे.

भाची : म्हणजे या भोकात अर्थिंग नाही.

मामा : मेन बंद करतो. बोर्ड उघडू या.

बोर्डाच्या पत्र्यामागे लाल आणि काळी वायर आपापल्या जागी होत्या. वरच्या मोठ्या भोकाच्या स्क्रूत काहीच नव्हतं. हिरवी वायर होती, पण वीतभर. कोपऱ्यात वळकटी करून टेप मारून ठेवलेली. खालून वर फक्त दोनच वायरी आल्या होत्या. वायरमनने बोर्डापुरती हिरवी दाखवली आणि पैसे घेऊन गेला. मला यात त्या वायरमनचा एकट्याचा दोष दिसत नाही. मजला घाईत चढत असताना टाइल कुठल्या हे सगळे विचारतात, तिसरी वायर कुठून आणणार हे कुणी विचारत नाही. आपल्या थ्री-पिन प्लगमधली वरची पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते, कारण आत जाताना तिने आधी लागावं आणि बाहेर येताना शेवटी सुटावं. इथं ती इतक्या तयारीने रिकाम्या भोकात जात होती.

भाची : हे बघ, मला धक्का बसला, मान्य. विजेचा नव्हे, हे बघून. पण तू दोन गोष्टींची गाठ मारतोयस. आवाज हा माझा प्रश्न आहे, आज संध्याकाळपर्यंतचा. अर्थिंग हा घराचा प्रश्न आहे. त्यात आजोबा, तू, आई, वरचे दोन भाडेकरू, सगळे आले. ते ठरेपर्यंत मी काय करू?

मामा : ठरेपर्यंत नाही, तुझा आवाज गेला तर ते ठरणारच नाही. आज कानात बोंब आहे म्हणून बोर्ड उघडला. उद्या तू ब्लूटूथ लावलास, की मुंग्या राहतील, आणि याच वायरीवर वर फ्रिज आहे, गिझर आहे. गिझरचा एलिमेंट फुटला तर पत्र्यावर निम्मे नाही, पूर्ण 230 येतील. तेव्हा गुणगुण सांगायला येणार नाही.

भाची : त्यासाठी तो मेनला बसवलेला ट्रिप होणारा स्विच आहे ना? 30 मिलिअँपिअरवाला?

मामा : आहे. अर्थिंग असेल तर गिझर बिघडल्या क्षणी तो पडतो. नसेल तर कुणीतरी हात लावल्यावर पडतो. तो हात कुणाचा, एवढंच ठरवायचं.

भाची : हे भीती घालणं झालं.

मामा : माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. मिक्सर मागे मंडपात, त्याला वीज एका घरातून. अँप स्टेजवर, त्याला जनरेटरवरून. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक, आणि मध्ये आमची शंभर फूट केबल. त्या केबलच्या जाळीतून करंट फिरतो आणि स्पीकर घुमायला लागतो. नवी पोरं काय करतात? एका प्लगची अर्थची पिन कापतात. हमिंग बंद! आणि गाणारा लोखंडी माइक ओठांना लावून उभा.

1972 साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक असाच, स्टेजवर, माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. स्टोन द क्रोज हा त्याचा बँड. दोष अर्थिंगचा होता. साऊंडच्या धंद्यात हे नाव आजही काढलं जातं.

भाची : मग तुम्ही हमिंग घालवता कसं? पिन न कापता?

मामा : सगळी वीज एकाच ठिकाणाहून घ्यायची. ते नाहीच जमलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मर. छोटा, एकास एक. आवाज या वेटोळ्यातून त्या वेटोळ्यात चुंबकाने जातो, दोन तारांचा स्पर्श नाही.

भाची : म्हणजे तोडताच ना! मी ब्लूटूथने तोडते, तू ट्रान्सफॉर्मरने तोडतोस.

मामा : मी आवाजाची तार तोडतो. जमिनीची तोडत नाही.

भाची : माझ्याकडे जमिनीची तोडायला आहेच कुठे?

इथे मामाला उत्तर सुचलं नाही. भाचीचा मुद्दा तंतोतंत होता.

दरम्यान बाकीच्या शक्यता पटापट निकालात निघाल्या. पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज सेकंदाला 100 वेळा कापतो आणि अर्ध्यावर ठेवला की सर्वांत जास्त चिरचिरतो. पंखा पूर्ण वेगावर नेला, फरक नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर घरघर वाढते का? या घरात इन्व्हर्टरच नाही. मध्येच ‘टर्र टर्र टर्र’ झालं ते मामाच्या फोनचं. त्याचा साधा टूजीचा फोन टॉवरशी बोलताना सेकंदाला सुमारे 217 वेळा रेडिओचा झटका मारतो, आणि जवळच्या वायरी त्याची अँटेना होतात. फोन दुसऱ्या खोलीत गेला, टर्र गेली. जॅक अर्धवट बसला होता का, तेही पाहिलं. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने आतला कापसाचा बोळा काढला. तो निघाला हे खरं, पण गुणगुणीशी त्याचा संबंध नव्हता.

भाची : चार्जर काढल्यावरही एक आवाज येतोय बरं का. बारीक. माउस हलवला की बदलतो.

मामा : नाही येत.

भाची : येतोय. चीं… असा.

मामा : दे इकडे. काहीही नाही. तुझ्या मनाचा खेळ आहे.

भाची : थांब.

तिने दुसऱ्या फोनचा माइक हेडफोनच्या कपात दाबून धरला, रेकॉर्ड केलं, आणि ऑडॅसिटीत उघडून स्पेक्ट्रम काढला. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि अशा भांडणात पंच म्हणून चांगलं चालतं. खर्जाकडचे सुळके आता नव्हते. पण 8 हजार हर्ट्झपाशी एक सुई उभी होती.

यूएसबीची जुनी ओळखीची खूण ती. यूएसबी 2 वर माहिती सेकंदाला 8 हजार पुडक्यांत जाते, आणि लॅपटॉपमधलं ध्वनीचं सर्किट त्याच बोर्डावर शेजारी असेल तर त्या पुडक्यांचा सूर गळून कानात येतो. माउसचा त्यात हात असतोच. भिंतीशी, अर्थिंगशी याचा संबंध नाही. अर्थिंगसाठी कितीही चांगला खड्डा खणला तरी हा सूर जाणार नाही. हेडफोन लॅपटॉपच्या जॅकमधून काढून बाहेरच्या छोट्या साऊंड कार्डावर लावला की बहुतेक वेळा जातो, म्हणजे भाची सकाळपासून म्हणत होती तेच: विकत घे आणि मोकळी हो.

भाची : हा बघ. दिसतोय?

मामा : दिसतोय. ऐकू येत नाही.

भाची : मी आता नुसता सूर लावते. हा एक हजार. येतो?

मामा : हो.

भाची : चार हजार?

मामा : लांबून कुठूनतरी.

भाची : आठ हजार.

मामा : लाव ना.

भाची : कधीच लावलाय.

सततच्या मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा पहिली पडझड साधारण 4 हजार हर्ट्झच्या आसपास होते, मग ती वर-खाली पसरते. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. हळदीच्या मांडवात टॉप स्पीकरच्या शेजारी रात्री काढलेल्या माणसाला आठ हजारचा सूर न लागणं यात नवल नाही. ज्या कानाने विजेचा सूर पेटीवर अचूक बसवला, त्याच कानाने दुसरा आवाज सरळ नाकारला. आणि अनुभवी माणूस ‘नाही येत’ म्हणाला की समोरच्याला स्वतःचाच कान खोटा वाटायला लागतो, हा मला या सगळ्यातला खरा धोका वाटतो. भाचीकडे स्पेक्ट्रम होता म्हणून निभावलं.

मामा : रात्री झोपताना येतो तो असाच बारीक असतो. तो कसला?

भाची : हेडफोन नसताना?

मामा : काहीच नसताना.

भाची : तो यूएसबीचा नाही, मामा. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. आणि तू ऐकणार नाहीस, तरी सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास. 90 झालं की फक्त 4 तास. तुझ्या एका हळदीत आठवड्याचा कोटा संपतो.

मामा : तुझा किती असतो?

भाची : …

मामा : गुणगुण दाबायला तू आवाज वाढवत होतीस ना? मी बाहेरून ऐकलंय, तुझ्या कानातली माणसं मला दारात ऐकू येतात.

तिने व्हॉल्यूमची पट्टी पाहिली. ऐंशीच्या पुढे होती; चार्जर काढून ऐकलं तर निम्म्यावर सगळं नीट कळत होतं.

भाची : ठीक. साऊंड कार्ड मी आजच मागवते. ते माझं. अर्थिंगचं तू बघ. आणि हिरवी वायर न्यूट्रलला जोडून ‘झालं’ म्हणणारा वायरमन आणू नकोस.

मामा : तो आणला तर मीच त्याला पत्र्याला हात लावायला सांगीन. तळमजल्याला जुनं अर्थिंग होतं, बाबांनी केलेलं. कोळसा, मीठ, पाइप. ते बाथरूम वाढवलं तेव्हा लादीखाली गेलं. आता नवं करायचं आणि तिथून हिरवी वायर तिन्ही मजल्यांना न्यायची.

भाची : मीठ टाकलं की पाइप गंजत नाही?

मामा : गंजतो. मीठ ओल धरतं, ओल करंट नेते, आणि तीच ओल पाइप खाते. खाडीकाठच्या मिठागरांत आपल्या लोकांनी जन्म काढले, लोखंडाचं काय होतं ते कुणाला सांगायला नको. म्हणून आता तांब्याचा मुलामा दिलेली कांब टाकतात, आणि मिठाऐवजी तयार पावडर. महाग पडतं, पण टिकतं. वर्षाला वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यायचं.

भाची : पैसे?

मामा : तीन मजले, तीन वाटे.

भाची : वरचा भाडेकरू देणार नाही. तो म्हणेल, घर तुमचं.

मामा : बरोबरच म्हणेल. त्याचा वाटा आपला.

भाची : आणि खड्डा कुठे? घराभोवती माती उरलीय कुठे?

मामा : एकच जागा आहे. तू स्कूटर लावतेस ती.

भाची : मग स्कूटर कुठे लावू?

मामा : गल्लीत.

भाची : गल्लीत तुझा टेम्पो असतो.